घरच्या बागेत हटके खाद्य झाडं: कोणी काय लावून बघितलंय?

गच्चीवरचा_वेल

टोमॅटो, मिरची, कोथिंबीर यावर धागे ढीगभर आहेत म्हणून हा मुद्दाम वेगळा काढतोय. इथे फक्त अशी झाडं जी खाता येतात पण सहसा घरी कोणी लावत नाही, आणि लावली तर काय होईल याची खात्री नसते. यश आलं तरच लिहा असं अजिबात नाही, उलट का नाही आलं ते लिहिलंत तर बाकीच्यांना जास्त उपयोग.

माझी पद्धत अशी की बी किंवा कटिंग मिळालं की सगळं एकाच जागी लावायचं नाही, दोन ठिकाणी विभागायचं आणि दोन्हीत एकच गोष्ट वेगळी ठेवायची. माती तीच, पाणी तेच, फक्त ऊन वेगळं. किंवा ऊन तेच आणि खत वेगळं. नाहीतर होतं काय, खतही बदलतो, जागाही बदलतो, पाणीही वाढवतो आणि मग झाड तरारलं तर ते कशामुळे हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. आणि हो, कुंडीत प्लॅस्टिकची पट्टी खोचून नाव-तारीख पेन्सिलीने लिहा, मार्कर उन्हाने उडतो, पेन्सिल टिकते.

सध्या दोन प्रयोग चालू आहेत. एक बुश पेपर. मिरीला दोन तऱ्हेच्या फांद्या असतात, एक सरळ वर चढणाऱ्या, त्यांच्या पेरांना मुळं फुटून त्या आधाराला चिकटतात, आणि दुसऱ्या आडव्या जाणाऱ्या, ज्यांना घोस लागतात. चढणाऱ्या फांदीचं कटिंग लावलं की वेल होतो. आडव्या फांदीचं लावलं तर ते चढतच नाही, झुडूपच राहतं आणि कुंडीतल्या कुंडीत मिरी देतं. अडचण एकच, आडव्या फांदीला मुळं फुटायला फार खळखळ. सावलीत, वरून प्लॅस्टिकची पिशवी घालून दमट ठेवली तरी बरीच कटिंग काळी पडली, जी जगली त्यांना आता हिरवे घोस आहेत.

दुसरा चौधारी घेवडा, आणि इथे मी अडकलोय. वेल असा माजलाय की जाळी दिसत नाही, पानं हिरवीगार, कीड नाही, पण फूल म्हणाल तर एक नाही. खत वाढवावं का? कोणी लावलाय का?

चिकट_मायाळू

मस्त धागा. वाचतेय. बुश पेपरचा फोटो टाका की.

मातीकाम

खत अजिबात वाढवू नका! चौधारी द्विदल आहे, मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र घेऊन त्याला देतात, वरून तुम्ही अजून नत्र दिलात तर पानंच पानं येणार.

पण मला वाटतं खरं कारण वेगळं आहे. हा वेल दिवस लहान झाल्याशिवाय फुलत नाही, ढोबळ मानाने बारा तास किंवा त्याहून लहान. मोठ्या दिवसांत लावला की तो नुसता वाढत बसतो, त्याच्या दृष्टीने अजून वेळच झालेली नसते. आणि आपण याला दिवस लहान म्हणतो पण झाड मोजतं ती रात्र. सलग अंधार किती तास मिळाला ते. मधेच थोडा वेळ जरी उजेड पडला तरी त्याचा हिशोब चुकतो आणि रात्र लहानच होती असं ते समजतं. पानातल्या फायटोक्रोम नावाच्या रंगद्रव्याचा हा खेळ, लाल प्रकाश त्याला विशेष जाणवतो.

म्हणून विचारतो, वेलावर रात्री कुठला दिवा पडतो का?

गच्चीवरचा_वेल

अरेच्चा. जिन्याचा दिवा. रात्रभर चालू असतो आणि जाळीच्या बरोबर समोर आहे!! पण तो साधा एलईडी आहे हो, त्याने काय होणार?

मातीकाम

पुरतो. पांढऱ्या एलईडीतही लाल भाग असतोच. रस्त्याच्या दिव्याखालचं सोयाबीन बाकीचं शेत पिवळं पडलं तरी हिरवंच उभं राहतं, तीच गत. आता तुमच्याच पद्धतीने करा ना, अर्ध्या जाळीवर दिव्याच्या बाजूने काळं कापड लावा, अर्धी तशीच ठेवा. खत-पाणी काही बदलू नका. दिवस लहान झाले की बघू कुठली बाजू आधी फुलते.

पानगळ_बाई

मातीकाम यांना +१. माझ्या लाल अंबाडीचं हेच झालं होतं, भिंतीच्या आडोशाला असलेल्या झाडांना बोंडं आली आणि खिडकीसमोरची नुसती उंच होत गेली. लाल अंबाडी जरूर लावा सगळ्यांनी, फुलापेक्षा त्याखालचा जाड लाल पेला असतो तो आंबट आणि खायचा तोच. फूल गळल्यावर आठ-दहा दिवसांत काढायचा, कोवळा असताना हाताने मोडतो, नंतर चिवट होतो आणि कात्री लागते. आतली बी पोकळ नळीने मागून ढकलली की पेला अख्खा राहतो. पानंही आंबट.

बीजेश

मी टोमॅटिलो लावला होता, एकच रोप ठेवलं कारण जागा कमी. फुलांनी लगडलं, मधमाश्याही यायच्या, कागदी कंदिलासारखे कोश पण झाले आणि आत हवा. सगळे पोकळ. माती खराब असेल का?

पानगळ_बाई

बीजेशदादा, माती ठीकच असणार. टोमॅटिलोला स्वतःचा पराग चालत नाही, दोन रोपं लागतात, आणि तीही बियांपासून आलेली वेगवेगळी, एकाच रोपाची दोन कटिंग लावलीत तर उपयोग नाही कारण ते एकच झाड झालं. त्याच्याच घराण्यातली रसभरी मात्र एकटी फळते.

कृष्णफळाचंही (पॅशन फ्रूट) असंच कोडं आहे. जांभळ्या फळाचा वेल बहुतेक वेळा स्वतःच्या परागावर फळ धरतो, पिवळ्याला दुसरा वेल लागतो. शिवाय जांभळ्याचं फूल पहाटे उमलून दुपारपर्यंत मिटतं आणि पिवळ्याचं दुपारच्या सुमारास उमलून रात्री मिटतं, त्यामुळे दोघं शेजारी लावून एकमेकांना पराग देतील म्हणाल तर गाठच पडत नाही. हाताने करायचं असेल तर त्या त्या वेळी ब्रश घेऊन उभं राहावं लागतं. त्याचे पुंकेसर खाली तोंड करून असतात, पराग त्याच्या खालच्या अंगाला असतो आणि भुंगा खालून पाठ घासत जातो तेव्हा त्याच्या पाठीला लागतो. म्हणून छोटी माशी बसून गेली तर काही होत नाही, मोठा काळा भुंगाच हवा. ब्रशही खालूनच फिरवायचा. आणि कच्चं फळ खाऊ नका, त्यात सायनाइड सोडणारी द्रव्यं असतात, पिकून गळलं की मग.

खुरपं

शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे आणि या धाग्यावर ते वारंवार यायला पाहिजे. हटके झाड म्हटलं की लोक "खाद्य आहे" एवढंच वाचतात, कुठला भाग आणि कसा हे वाचत नाहीत. माझ्या बागेत हिकामा आहे. कंद कच्चा खा, कुरकुरीत गोडसर लागतो. पण त्याच वेलाच्या वाळलेल्या बियांत रोटेनोन असतं, जे कीटकनाशक म्हणून वापरतात. वेल एकच, खाली खाणं आणि वर विष. मी तर फुलं येतील तशी खुडतो, त्याने कंदही मोठा होतो आणि घरातल्या लहानांच्या हाती शेंगाही लागत नाहीत. हाही दिवस लहान झाल्यावरच कंद धरतो बरं का.

चाया नावाचं झाड आहे, त्याला पालकाचं झाड म्हणतात, फांदी खोचली की जगतं, कीड लागत नाही, पानं वर्षभर. पण कच्चं चालत नाही, भरपूर पाण्यात चांगली वीस मिनिटं उकळायचं, उघड्या भांड्यात. त्यातही सायनाइडचाच प्रकार आहे आणि तो उकळताना वाफेबरोबर निघून जातो. कच्च्या पानांची स्मूदी करणारे लोक मी बघितलेत, हात जोडतो.

हिरवा_ठिपका

इतकं घाबरवू नका हो. निसर्गात जे आहे ते आपल्या शरीराला मानवतंच, रसायनं मारलेल्या भाज्या खातो तेव्हा नाही विचार करत आपण.

खुरपं

सायनाइडही निसर्गातलंच आहे आणि धोतराही.

काटुकचं उदाहरण सांगतो. चांगली पालेभाजी आहे, शिजवून खाणारे पिढ्यान्‌पिढ्या खातायत. १९९४-९५ च्या सुमारास तैवानमध्ये वजन कमी करायला म्हणून लोकांनी तिच्या कच्च्या पानांचा रस रोज प्यायला सुरुवात केली, आणि त्यातल्या पुष्कळांची फुफ्फुसं कायमची निकामी झाली, बारीक श्वासनलिका बंद होण्याचा आजार, काहींचा मृत्यू झाला. झाड तेच. कच्चं, रस काढून, रोज आणि भरपूर, एवढाच फरक. तेव्हा नवीन काही खाताना आधी शिजवून, थोडंसं, एका वेळी एकच नवीन गोष्ट.

हिरवा_ठिपका

बरं, काटुकचं माहीत नव्हतं. माझ्याकडे आहे ते झाड. शिजवूनच खातो मी तसं.

चिकट_मायाळू

मी एक अगदी फुकटातला प्रयोग सांगते. घोळ. ती तणासारखी कुठल्याही कुंडीत उगवतेच, ती उपटू नका. दोन कुंड्या घ्या, एकीला रोज पाणी, दुसरीचं थोडे दिवस तोडा, पानं जराशी मऊ पडेपर्यंत. मग पहाटे उजाडायच्या आत दोन्हींचं एकेक पान चावून बघा आणि संध्याकाळी परत. पाणी तोडलेल्या कुंडीतलं पहाटेचं पान चांगलं झणकन आंबट लागतं आणि संध्याकाळी तेच झाड मिळमिळीत! मुलांना दाखवायला तर फारच भारी. कारण असं की पाणी कमी पडलं की घोळ दिवसा पानावरची छिद्रं बंद ठेवते आणि रात्री उघडते, रात्री घेतलेला कार्बन डायऑक्साइड मॅलिक आम्लाच्या रूपात साठवते, दिवसभरात तो वापरून संपतो. हिरव्या सफरचंदाला आंबटपणा देतं तेच आम्ल. म्हणजे आंबट हवी तर पहाटे खुडा, नको तर संध्याकाळी.

खुरपं

भारी आहे हे. एकच जोड देतो, घोळीसारखीच जमिनीलगत पसरणारी युफोर्बिया असते, ती विषारी. काडी मोडून बघायची, दुधासारखा पांढरा चीक आला तर ती घोळ नव्हे. घोळीचं देठ मांसल असतं आणि मोडलं तर नुसतं पाणी.

चिकट_मायाळू

हो हो, ते लिहायला हवंच होतं, बरं झालं लिहिलंत.

नवा_कोंब

केशर घरात येतं का? सध्या जिकडेतिकडे व्हिडिओ दिसतायत, एका खोलीत लाखोंचं उत्पन्न वगैरे. कंद मिळतायत, घ्यावेत का? ते आधी फ्रीजमध्ये ठेवायचे ना?

मातीकाम

हौस म्हणून जरूर घ्या, लाखोंचं विसरा. एका फुलात तीनच तंतू आणि वाळवल्यावर एक ग्रॅम व्हायला साधारण दीडशे फुलं लागतात.

फ्रीजची घाई करू नका. ट्युलिपला कडक थंडी लागते म्हणून लोक केशरालाही तेच करतात, पण केशराचं गणित उलटं आहे. पानं वाळून कंद सुप्त असतो तेव्हा त्याच्या आत फुलाची कळी तयार होते आणि त्यासाठी त्याला २३ ते २७ अंश ऊब लागते, तीही पन्नासेक दिवस तरी. कळी झाल्यावर मग तापमान १७ अंशांच्या आसपास आणायचं, की फूल बाहेर पडतं. सुप्त कंद सरळ गारठ्यात टाकलात तर आत कळीच होणार नाही, नुसती पानं येतील. मजा म्हणजे फुलायला माती-पाणी काहीच लागत नाही, ट्रेमध्ये कोरडे मांडून ठेवलेले कंद फुलतात, सगळा साठा आतच असतो. खरी परीक्षा त्यानंतर आहे. फुलं झाली की मातीत लावून त्या पानांना महिनोन्‌महिने थंड हवा आणि भरपूर ऊन द्यायचं, तेव्हा कुठे पुढच्या वर्षीचे कंद पोसतात. व्हिडिओत हा भाग नसतो, कारण पहिल्या वर्षीची फुलं ही कंद विकणाऱ्याने पोसलेली असतात. आणि केशराला बी धरत नाही, गुणसूत्रांचे तीन संच असल्यामुळे ते वांझ आहे, सगळं काही कंदांवरच. छोटे कंद स्वस्त म्हणून घेऊ नका, फुलतच नाहीत.

बीजेश

व्हॅनिलाचं पण सांगा कोणीतरी. माझा वेल छान वाढलाय.

पानगळ_बाई

वेल वाढणं सोपं आहे, फूल आल्यावर खरी धावपळ. फूल सकाळी उमलतं आणि दुपारी मान टाकतं, तेवढ्यात हाताने परागीभवन करायचं. पराग आणि कुक्षी यांच्या मधे एक पातळ पडदा असतो, टोकदार काडीने तो वर उचलायचा आणि अंगठ्याने पराग कुक्षीवर दाबायचा, बस. ही युक्ती १८४१ साली रियुनियन बेटावर एडमंड अल्बियस या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने शोधली, त्याच्या आधी युरोपियन लोकांनी वेल जगभर नेले पण शेंगा काही धरत नव्हत्या. आजही जगातली बहुतेक सगळी व्हॅनिला त्याच काडी-अंगठ्याच्या पद्धतीने होते. दुसऱ्या दिवशी फूल गळालं नाही, देठाला चिकटून राहिलं तर समजा जमलं. एका घोसातली सगळी फुलं धरू नका, वेल थकतो. शेंग तयार व्हायला आठ-नऊ महिने आणि तेव्हाही तिला वास शून्य! गरम पाण्यात बुडवून, घाम आणून, महिनोन्‌महिने हळूहळू वाळवल्यावर वास येतो.

बीजेश

म्हणजे मला निवृत्त व्हावं लागेल.

नवा_कोंब

मिरॅकल फ्रूटच्या बिया मागवल्या होत्या, एकही नाही उगवली. फसवलं वाटतं विक्रेत्याने.

गच्चीवरचा_वेल

फसवलं असेलच असं नाही. त्या बिया वाळल्या की मेल्या. फळातून काढल्या की गर धुवून लगेच लावाव्या लागतात, पाकिटातून आलेल्या सुक्या बीला काही अर्थ नसतो. सरळ रोपच घ्या. आणि त्याला आम्लधर्मी माती लागते, सामू ५ च्या आसपास. सुरुवातीला माती बरोबर भरतात लोक पण नंतर जड पाणी घालून घालून सामू वर चढतो, पानं पिवळी पडून शिरा हिरव्या राहतात. पावसाचं पाणी साठवून ठेवा त्याच्यासाठी. फळाला स्वतःची चव फारशी नाही, पण चोखलं की नंतर लिंबू गोड लागतं, त्यातलं मिरॅक्युलिन नावाचं प्रथिन जिभेवर बसतं आणि आंबट आलं की गोडाची जाणीव चेतवतं.

हिरवा_ठिपका

मला कलमांचा नाद आहे. खाली बटाटा वर टोमॅटो जमवलाय, दोन्ही एकाच कुळातले त्यामुळे जुळतं, फक्त दोन्हीकडे पोट भरावं लागत असल्याने ना धड बटाटे ना धड टोमॅटो. आता विचार आहे की धोतऱ्याची मुळं फार काटक असतात, दुष्काळाला पण दाद देत नाहीत, तर धोतऱ्यावर टोमॅटो बांधावा.

खुरपं

नको नको नको. जुळेल, अगदी छान जुळेल, तोच तर धोका. धोतऱ्याची विषारी अल्कलॉइड्स मुळांत तयार होतात आणि तिथून वर चढतात, टोमॅटोच्या फळातही उतरतात. अशा टोमॅटोंनी विषबाधा झाल्याच्या नोंदी आहेत. काटक मुळंच हवी असतील तर रानवांग्यावर बांधा, ते सर्रास करतात.

अजून एक, याच धर्तीचं. भोपळा-दुधी वर्गातलं बी घरी धरत असाल आणि जवळपास शोभेचे भोपळे असतील तर पुढच्या पिढीत कडू फळ येऊ शकतं. पहिला घास कडूजहर लागला तर "टाकवत नाही" म्हणून खाऊ नका, शिजवून ते विष जात नाही.

हिरवा_ठिपका

बरं बाबा, रानवांगं. तुमच्यामुळे जिवंत राहणार मी.

गच्चीवरचा_वेल

बरेच दिवसांनी धागा वर काढतोय. चौधारीचा निकाल लागला! कापड लावलेल्या बाजूला फिकट निळी फुलं झुबक्याने आली, आणि उघड्या बाजूला नुसती पानं, कापडाची कड जिथे संपते तिथपासून फरक दिसतो, अगदी रेघ ओढल्यासारखा नाही पण लांबून कळतो. शेवटी जिन्याच्या दिव्याला सेन्सर बसवून घेतला, मग दुसरी बाजूही उशिरा का होईना फुलली. शेंगांना चार पाती, काठाला झालर, कोवळ्या असताना मोडल्या की टचकन तुटतात. जरा विसरल्या की दोर. फुलं, पानं, शेंगा, कंद सगळं खाल्लं जातं. वाळलेल्या बियांत प्रथिनं सोयाबीनच्या तोडीची, फक्त त्या भिजवून भरपूर शिजवायच्या. १९७५ साली अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेसने यावर अख्खा अहवाल काढला होता, उष्ण प्रदेशातलं भविष्यातलं पीक म्हणून. पुढे तेवढं पसरलं नाही, आणि लावल्यावर कळतं का ते: मांडव लागतो आणि शेंगा एकदम तयार होत नाहीत, रोज थोड्या थोड्या. शेतकऱ्याला ते परवडत नाही. घरच्या बागेला मात्र रोज मूठभरच हवी असते.

नवा_कोंब

अभिनंदन! मला पण लावायचाय, बी रुजत नाही म्हणतात ते खरं का? आणि दरवर्षी नवीन लावावा लागतो?

गच्चीवरचा_वेल

साल टणक असते, पाणी आतच शिरत नाही. नेलकटरने बीच्या डोळ्याच्या विरुद्ध बाजूला नुसता टवका काढायचा, डोळ्याजवळ नाही, तिथे कोंब असतो. मग रात्रभर भिजवा, ज्या फुगल्या नाहीत त्यांना परत टवका. रोपं सुरुवातीला फार हळू वाढतात, धीर सोडू नका. लवकर फुलं हवी असतील तर दिवसाच्या लांबीला न जुमानणाऱ्या निवडक जातीही आहेत, बी घेताना विचारा.

दरवर्षी नाही, थंडीत वरचा वेल वाळला तरी खाली कंद असतो. माती गोठत नसेल तर राहू द्या, परत फुटतो. मी अर्धे खणून उकडले आणि अर्धे ठेवलेत.

मातीकाम

ठेवलेत त्यांना पाणी अगदी बेताचं द्या, कोंब दिसेपर्यंत, नाहीतर कुजतील. आणि बुश पेपरचा फोटो अजून आलेला नाहीये.